पैसे कुणाच्या खात्यावर घातले?

हिशेबाची वही : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच विषयावर आहेत : शेअर घ्यायचे तर कुणामार्फत? काहींनी सरळ ब्रोकरचं नाव मागितलंय. नाव मी देत नाही. एकदा दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसातून पेढ्यांचा पुडा आला आणि महिन्याभरानं एक वाचक भांडायला आले. पेढे खाऊन झाले होते, त्यामुळे भांडण ऐकून घ्यावं लागलं.

नव्या वाचकांसाठी सांगते. सांगलीत गणपती पेठेतल्या एका शेअर दलालाच्या कचेरीत मी १९९१ साली कारकून म्हणून लागले आणि चोवीस वर्षांनी बाहेर पडले. शेअर सर्टिफिकेट कागदाचं असायचं, ट्रान्स्फर फॉर्मवरची सही जुळली नाही की मुंबईहून गठ्ठा परत यायचा, तेव्हापासून हा धंदा जवळून बघत आले आहे. शेअर कुठला घ्यावा ते मला आजही कळत नाही. कागद मात्र वाचता येतो.

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. यंदा बेदाण्याचे पैसे बरे झाले. सोसायटीचं भागवून चार लाख शिल्लक आहेत. आमच्या पाव्हण्यातला एक मुलगा शेअर मार्केटचं ऑफिस घालून बसलाय. एसी आहे, चार कॉम्प्युटर आहेत, भिंतीवर सरकारी सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलीत. फोटो सोबत पाठवतो. तो म्हणतो, फॉर्म-बिर्म काही नको, माझ्या खात्यावर घाला, महिन्याला चार टक्के घरपोच. गावातल्या सात-आठ जणांना सहा महिने पैसे येतायत, मी पासबुकं बघितलीत. सेबीचा रजिस्टर ब्रोकर आहे म्हणतो. घालू का? — द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : नका घालू, दादा.

तुमच्याच मालाचं बोलू. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की बाहेरून नवा दलाल येतो. गोडाऊन भाड्याचं, गाडी भाड्याची, बोलणं गोड. पहिल्या गाडीचे पैसे रोख, बांधावर. दुसऱ्या गाडीचे दोन दिवसांनी. तिसऱ्या-चौथ्याला चेक. मग एक दिवस गोडाऊनला कुलूप आणि फोन बंद. फसलेला माणूस दर वेळी हेच सांगतो, की पहिल्या दोन गाड्यांचे वेळेवर दिले होते हो त्यानं. तुम्ही बघितलेली सात-आठ पासबुकं म्हणजे त्या पहिल्या दोन गाड्या.

हिशेब करा. चार लाखांवर महिन्याला चार टक्के म्हणजे १६ हजार. सहा महिन्यांत तुमच्या खात्यावर आले ९६ हजार. उरलेले ३ लाख ४ हजार त्याच्याकडे. शेअर बाजारात त्यानं एक रुपयाही लावला नाही तरी हे सहा महिने आरामात निघतात. तुमचेच पैसे तुम्हाला परत करायला अक्कल लागत नाही. आणि मधल्या काळात पासबुक बघून तुमचा चुलतभाऊ आठ लाख घेऊन येतो.

फोटो पाठवलात ते बरं केलंत. भिंग लावून बघितला. डावीकडची पहिली फ्रेम शॉप अ‍ॅक्टची. वडापावच्या दुकानालाही ती मिळते. दुसरी उद्यम नोंदणीची. ती ऑनलाइन फुकट होते. तिसरी जीएसटीची. चौथीवर एनआयएसएमचं नाव दिसतं. ही सेबीनंच, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनंच, काढलेली शिक्षणसंस्था आहे, आणि तो कागद खरा असेल तर पोरानं एक परीक्षा पास केली आहे, शाबास. पण ड्रायव्हिंग लायसन खिशात आहे म्हणून वडाप धरायचं परमिट मिळत नाही. पाचव्या फ्रेममध्ये शिंगं उगारलेला बैल आहे. चारही कागद सरकारी वाटतात, त्यांच्यावर सिंह आहेत, क्यूआर कोड आहेत, आणि चारांतला एकही त्याला दुसऱ्याचे पैसे घेऊन शेअर घेण्या-विकण्याचा अधिकार देत नाही.

तो अधिकार ज्याला असतो त्याच्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक असतो. शेअर ब्रोकरचा क्रमांक ‘आयएनझेड’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. ही अक्षरं नीट बघा, कारण गोंधळ इथंच घालतात. ‘आयएनएच’नं सुरू होणारा नंबर रिसर्च अ‍ॅनालिस्टचा, म्हणजे अमुक शेअर घ्या असं फी घेऊन सांगणाऱ्याचा. ‘आयएनए’ म्हणजे गुंतवणूक सल्लागार. दोघांनाही तुमचे पैसे हातात घ्यायचा हक्क नाही. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या मतानं फिरवणाऱ्याला पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणतात. त्याची नोंदणी आणखी वेगळी, आणि त्याला ५० लाखांच्या आतलं गिऱ्हाईक घेताच येत नाही. तेव्हा चार लाखवाल्यांचे पैसे ‘मी फिरवतो’ म्हणणारा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता तो म्हणेल, मी मोठ्या ब्रोकरचा फ्रँचायझी आहे. असू शकेल. पूर्वी अशांना सब-ब्रोकर म्हणत; तो प्रकार २०१९ साली बंद झाला. आता ‘ऑथराइज्ड पर्सन’ असतो आणि त्याची नोंद एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांकडे, म्हणजे एक्सचेंजकडे, कुठल्या ब्रोकरच्या हाताखाली ते लिहून केलेली असते. अडत्या आणि त्याच्या दिवाणजीसारखं धरा. दिवाणजी माल उतरवून घेईल, चहा पाजेल, पण पट्टी निघते ती अडत्याच्या नावानं. ऑथराइज्ड पर्सनला तुमचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या खात्यात घेता येत नाहीत. एक रुपयाही नाही. काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, मुख्य ब्रोकरचीच येते.

तपासायचं कसं? त्यानं दाखवलेला कागद बाजूला ठेवा आणि सेबीच्या वेबसाइटवर स्वतः जा. मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी तिथं असते. नाव किंवा नंबर टाकला की निघते. दिवाणजी असेल तर एनएसई-बीएसईच्या साइटवर ऑथराइज्ड पर्सनची यादी बघा, त्यात नाव, पत्ता आणि मुख्य ब्रोकर सगळं येतं. पत्ता जुळवा. मग त्या मुख्य ब्रोकरच्या हेड ऑफिसला फोन करा, आणि फोन नंबर एक्सचेंजच्या साइटवरून घ्या. पोराच्या व्हिजिटिंग कार्डावरून घेतलात तर पलीकडं त्याचाच मेहुणा बसलेला असेल. इंटरनेट जमत नसेल तर सेबीचा फुकटचा नंबर आहे, १८०० २६६ ७५७५. मराठीत विचारा.

एवढं सगळं करायचा कंटाळा आला तर एकच बघा : पैसे कुणाच्या खात्यावर घालायला सांगतोय? खरा ब्रोकर तुमच्या नावाचं ट्रेडिंग (सौदे करायचं) आणि डीमॅट (शेअर ठेवायचं) खातं उघडतो, पॅन आणि आधार मागतो, बँकेचा चेक रद्द करून मागतो. त्याची कटकट वाटते, पण ती कटकट म्हणजेच तुमचं नाव कागदावर येणं. पैसे तुमच्या बँक खात्यावरून ब्रोकर कंपनीच्या ग्राहकांसाठी ठेवलेल्या खात्यावर जातात. त्या खात्याच्या नावातच कंपनीच्या नावापुढं ‘यूएससीएनबी अकाउंट’ अशी शेपटी असते. रोख चालत नाही. भावाच्या खात्यावरून पाठवलेलेही चालत नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून ब्रोकरांना यूपीआयचे खास पत्ते मिळालेत : नावापुढं ‘.brk’ ही अक्षरं आणि ‘@valid’पासून सुरू होणारं बँकेचं नाव. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात पांढरा अंगठा दिसतो. खात्याचा नंबर खरा ब्रोकरचाच का, हे ‘सेबी चेक’ नावाच्या सोयीत टाकून बघता येतं. तुमच्या पाव्हण्यानं दिलेला नंबर त्यात टाकून बघाच.

बुडाल्यावर कुठं दाद मागायची हेही याच्यावरच ठरतं. नोंदलेल्या ब्रोकरचे तुम्ही ग्राहक असाल तर एक्सचेंज आहे, सेबी आहे, ब्रोकरनं दिवाळं काढलं तर एक्सचेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधी आहे. पाव्हण्याच्या सेव्हिंग खात्यावर घातलेत तर तुम्ही कुणाचेच ग्राहक नाही. मग पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, १९९९चा ठेवीदार संरक्षणाचा कायदा, जप्ती, लिलाव, तारखा. त्या रांगेत उभे असलेले लोक मला ओळखीचे आहेत.

राहिला प्रश्न पाव्हण्याचा. तोंडावर नाही म्हणता येत नाही, मला कळतं. लग्नकार्यात गाठ पडायची असते. त्याला एवढंच म्हणा, ‘माझ्या नावाचं डीमॅट काढून दे, पैसे मी कंपनीच्या खात्यावर घालतो, चार टक्के नको, जे मिळेल ते मिळेल.’ खरा असेल तर लगेच फॉर्म काढेल. नाहीतर तुमचा नाद तो स्वतःच सोडेल, आणि वाईटपणाही येणार नाही.

प्रश्न : मी विश्रामबागेत राहते, निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांनी २००७ साली एका मोठ्या ब्रोकर कंपनीच्या इथल्या शाखेत दोघांची खाती काढली. ते गेल्यावर सगळं शाखेतला एक मुलगा बघतो. फार चांगला आहे, दिवाळीला येऊन पाया पडतो. अलीकडे भाच्यानं बघितलं तर माझ्या खात्यात रोज खरेदी-विक्री चालते. वर्षात ब्रोकरेजच ४० हजारांवर गेलंय. मी कधी काही सांगितलेलं नाही. कंपनी तर रजिस्टर आहे, मी तपासलं. मग हे कसं? — निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, रजिस्टर असणं ही शाळेत नाव घातल्याची पावती झाली. पोरगं वर्गात काय करतं ते वेगळं बघावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगू!

तुमच्या पत्राचं उत्तर देण्याआधी माझी लाज सांगते. कचेरीत चोवीस वर्षं काढलेल्या बाईची.

माझं स्वतःचं डीमॅट २००६ सालचं, एका ओळखीच्या दलालाकडं. नाव सांगत नाही, अजून रस्त्यात भेटतात. तेव्हा माझ्याकडं मोबाइल नव्हता, म्हणून फॉर्मवर त्यांच्याच ऑफिसातल्या मोबाइलचा नंबर लिहिला. पुढं मोबाइल आला, नंबर बदलायचा राहिला. २०१७च्या मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला दोन महिने जायचं होतं. मध्येच काही विकावं लागलं तर अडायला नको म्हणून शेअर देण्याच्या स्लिपांच्या पुस्तकातल्या चार कोऱ्या स्लिपांवर सह्या करून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं असतं तर मीच ओरडले असते. पण ‘आपले’ साहेब होते.

परत आले, नातवात रमले. डिपॉझिटरीकडून, म्हणजे शेअर जिथं जमा असतात त्या संस्थेकडून, स्टेटमेंटची पाकिटं यायची, ती न उघडता एका पिशवीत घालून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवायची माझी पद्धत. ऑगस्ट २०१९ला पूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या तळमजल्यात छातीइतकं. पाणी उतरल्यावर आठवडाभर चिखल काढला. ती पिशवी सापडली. पाकिटं चिकटून वीट झालेली. एकेक सोडवून, आतला कागद काढून गच्चीवर वाळत घातला, वर खडे ठेवले. शाई पसरली होती पण आकडे दिसत होते. आणि तिथं, उन्हात उकिडवी बसलेली असताना, मला दिसलं की मार्च २०१७च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या खात्यातून दोनशे शेअर गेलेत. माझ्याच सहीच्या स्लिपवर. दुसऱ्या कुणाच्या तरी सौद्याची भर घालायला.

मोबाइलवर मेसेज आला असणारच, त्यांच्याच ऑफिसातल्या फोनवर. पाकीटही आलं होतं, माझ्याच देवघरात. जवळजवळ अडीच वर्षं. साहेबांनी नाकारलं नाही, ‘अहो राहून गेलं’ म्हणाले. हप्त्याहप्त्यानं पैसे दिले. शेवटचे सात हजार अजून यायचेत.

आता तुमचं. आज जाऊन पहिली गोष्ट, खात्यावर नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल कुणाचा आहे ते लेखी विचारा. माझी खात्री आहे, त्यातला एक तरी त्या मुलाचा किंवा शाखेचा निघेल. तुमचा स्वतःचा घाला. ई-मेल नसेल तर भाच्याकडून काढून घ्या, पण पासवर्ड तुमच्या वहीत. त्यानंतर प्रत्येक सौद्याचा मेसेज एक्सचेंजकडून आणि शेअर बाहेर गेल्याचा डिपॉझिटरीकडून थेट तुम्हाला येईल. सौदा झाल्यापासून चोवीस तासांत काँट्रॅक्ट नोट आली पाहिजे. तिच्यावर काय घेतलं, किती वाजता, कुठल्या भावानं, ब्रोकरेज किती, कर किती, सगळं असतं. बाजारात हळदीची पट्टी बघता ना, आडत, हमाली, तोलाई? तसंच वाचायचं.

दुसरी गोष्ट, २००७ सालचं खातं म्हणजे तेव्हा मुखत्यारपत्र घेतलेलं असणार. ती जुनी मुखत्यारपत्रं फार सैल असायची. २०२२ पासून त्यांच्या जागी डीडीपीआय नावाचा आटोपशीर कागद आलाय. विकलेले शेअर पोहोचते करणं, तारण ठेवणं अशा मोजक्याच कामांपुरता. जुनं रद्द करून घ्या. नवं द्यायचं की नाही ही तुमची मर्जी, सक्ती नाही. न दिलं तर विक्रीच्या वेळी मोबाइलवरून पिन आणि ओटीपी घालावा लागेल. तुमच्या जागी मी असते तर दिलं नसतं. तेवढाच आपल्याला न विचारता शेअर जाण्याला अडसर.

तिसरी, तक्रार. तुम्ही न सांगता केलेला सौदा हा बेकायदा सौदा आहे. ऑर्डर तुम्ही दिली होती याचा पुरावा, म्हणजे फोनचं रेकॉर्डिंग, ई-मेल, सही, असं काहीतरी ब्रोकरनं ठेवायचं असतं. ‘तुम्ही दिलं नाही हे सिद्ध करा’ असं ते म्हणू शकत नाहीत. शाखेत तोंडी भांडू नका. कंपनीच्या तक्रार ई-मेलवर तारीखवार लिहा, तो पत्ता आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर छापावंच लागतं. दाद लागली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या पोर्टलवर. तिथं २१ दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. तरी नाही जमलं तर ‘स्मार्ट ओडीआर’ या तंटे मिटवायच्या ऑनलाइन सोयीवर समेट आणि मग लवाद. एक मात्र : स्कोअर्सवर तक्रार घडलेल्या गोष्टीपासून वर्षाच्या आत करावी लागते. मी गच्चीवर बसले तेव्हा जवळजवळ अडीच वर्षं झाली होती, म्हणून आज सात हजारांसाठी रस्त्यात नमस्कार करते. तुम्ही हे पत्र वाचून आठवडा घालवू नका.

तो मुलगा वाईट असेलच असं नाही. शाखेला महिन्याच्या ब्रोकरेजचं टार्गेट असतं आणि तुम्ही फोन करून विचारत नाही. टार्गेट अशाच खात्यांतून पुरं होतं. आमच्या कचेरीत अशा खात्यांना एक नाव होतं, ते छापता येणार नाही.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, पगार २८ हजार. महिन्याला तीन हजारांचे शेअर घ्यायचे आहेत. मोबाइल अ‍ॅपवाला स्वस्त ब्रोकर घेऊ की सांगलीत ऑफिस असलेला? आणि उद्या ब्रोकरच बुडाला तर माझे शेअरही बुडणार का? — वय २४

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं. शेअर ब्रोकरकडं नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीत तुझ्या नावावर असतात. ब्रोकर हा तिथं जायचा दरवाजा. दरवाजा मोडला तर घर जात नाही, असं असायला हवं. पण २०१९च्या नोव्हेंबरात, मी पाकिटं वाळवून तीन महिने झाले होते तेव्हा, सेबीनं कार्वी या देशातल्या बड्या ब्रोकरवर बंदीचा आदेश काढला. ९५ हजारांवर ग्राहकांचे, २,३०० कोटींहून जास्त किमतीचे शेअर त्यांनी मुखत्यारपत्राच्या जोरावर स्वतःच्या खात्यात ओढून बँकांकडं गहाण टाकले होते. नोंदणी होती, नंबर खरा होता, ऑफिसं गावोगावी होती. डिसेंबरात ८२ हजारांवर लोकांचे शेअर परत त्यांच्या खात्यात आले, बाकीचे लटकले.

त्यानंतर नियम आवळले. सप्टेंबर २०२० पासून तारण ठेवलेले शेअर तुझ्याच डीमॅटमध्ये राहतात, त्यावर फक्त खूण पडते. ग्राहकांची रोकड ब्रोकरला रोजच्या रोज क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडं, म्हणजे बाजारातल्या सौद्यांची देवघेव पुरी करणाऱ्या संस्थेकडं, द्यावी लागते. न वापरलेले पैसे महिन्याला किंवा तिमाहीला तुझ्या बँकेत परत आले पाहिजेत. फॉर्म भरताना ‘मासिक’वर खूण कर. आणि ब्रोकरच्या अ‍ॅपवर दिसणारी यादी खरी की नाही, हे डिपॉझिटरीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये वरचेवर बघत जा. सीडीएसएलचा खाते क्रमांक १६ आकडी असतो, एनएसडीएलचा ‘आयएन’नं सुरू होतो. दोन्हीकडचे शेअर जुळले की झोप.

आता अ‍ॅप की ऑफिस. महिन्याला तीन हजारांसाठी अ‍ॅप पुरे. ५० हजारांचे शेअर घेऊन ठेवायचे म्हटलं तर एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, ५० रुपये आणि मुद्रांक शुल्क साडेसात रुपये कुठंही लागणारच. ऑफिसवाल्यानं अर्धा टक्का लावला तर ब्रोकरेज २५० आणि त्यावर जीएसटी ४५. अ‍ॅपवाला शून्य किंवा २० रुपये घेईल. पण विकताना शेअर खात्यातून बाहेर काढायला लागणारा डीपी चार्ज, वर्षाचा डीमॅट खर्च आणि फोनवरून ऑर्डर दिली तर त्याचा आकार, हे सगळं दरपत्रकात शोध. शून्य ब्रोकरेजवाल्याचंही पोट कशावर तरी भरतंच. ‘बेसिक’ प्रकारचं डीमॅट घेतलंस आणि सगळीकडं मिळून तुझं तेवढं एकच खातं असेल तर चार लाखांपर्यंतच्या शेअरांना वार्षिक खर्च लागत नाही. हे ते आपणहून ठळक अक्षरांत सांगत नाहीत, विचारावं लागतं.

अ‍ॅपचा खरा धोका माझ्या मते स्वस्ताईत आहे. बोट टेकलं की ऑप्शन, म्हणजे पुढच्या भावावरची पैज, विकत घेतली. सेबीनं २०२४ साली काढलेला आकडा आहे : तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले, सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खातं उघडताना फ्युचर्स-ऑप्शनचा रकाना रिकामा सोड. नंतर सुरू करता येतो, पण त्यासाठी पगाराचा किंवा बँकेचा कागद द्यावा लागतो, आणि तो शोधेपर्यंत खुमखुमी उतरते.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एका ग्रुपात घेतलं. त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून अ‍ॅप घेतलं, ६० हजार भरले. अ‍ॅपवर आता पावणेतीन लाख दिसतात. काढायला गेलो तर आधी ३५ हजार टॅक्स भरा म्हणतात. ग्रुपात सेबीचं पत्र टाकलंय. भरू का? — मिरज

उत्तर : नका भरू. नफ्यावरचा कर तुम्ही सरकारला भरता, ब्रोकर तो आगाऊ मागत नाही. पावणेतीन लाख हा पडद्यावर टाइप केलेला आकडा आहे. मासिक पोहोचायची वाट नको म्हणून तुम्हाला फोनवर हे कळवलंच आहे : १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच लावा, पैसे पाठवल्याचे नंबर हाताशी ठेवा, बँकेला लेखी द्या. ग्रुपातून बाहेर पडण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. सेबी कुणा एकट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र देऊन ‘हा चांगला आहे’ असं सांगत नसते.

प्रश्न : मार्केट यार्डात एकजण वहीवर शेअरचा वायदा लिहून घेतो. डीमॅट नाही, कर नाही, हिशेब शनिवारी रोखीत. माणूस वीस वर्षांचा ओळखीचा आणि शब्दाचा पक्का आहे. यात गैर काय? — एक व्यापारी

उत्तर : त्याला डब्बा म्हणतात, तुम्हालाही माहीत आहे. तुमचा सौदा बाजारात जातच नाही, त्याच्या वहीत राहतो. तुम्ही जिंकलात की तो हरतो. १९५६च्या कायद्यात याला दहा वर्षांपर्यंत कैद, २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय. शब्दाचा पक्का आहे म्हणता, असेलही. यार्डात भाव अचानक फिरला की कुणाचे शब्द कुठं जातात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. त्या वहीवर तुमचं पूर्ण नाव तरी लिहिलेलं आहे का, की नुसतं ‘शेट’?